दारे अनेक, रुग्ण एकच : माजी सैनिक परिवारांतील स्त्रिया आणि विखुरलेली आरोग्यसेवा

सुपे-मोरगावच्या जिरायती माळापासून नीरा-भीमेच्या संगमावरील नरसिंहपूरपर्यंत पसरलेल्या बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचे रूप गेल्या शंभर वर्षांत पार पालटले आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी, उसाचे मळे, सहकारी साखर कारखाने, वालचंदनगरची औद्योगिक वसाहत आणि उजनीचा विस्तीर्ण जलाशय ही या प्रदेशाची परिचित ओळख होय. तिच्या जोडीला आणखी एक ओळख गावोगावच्या काही घरांच्या भिंतींवर दिसते. गणवेशातील तरुणाचे जुने छायाचित्र, त्याखाली पलटणीचे नाव आणि शेजारी चौकटीत बसविलेली पदके. या घरांतील पुरुषांनी देशाच्या सीमा राखल्या आणि त्याच काळात त्यांच्या पत्नींनी शेत, गोठा, मुले व सासूसासरे सांभाळले. आज या स्त्रियांपैकी अनेक जणी उतारवयात आहेत आणि त्यांतील कित्येक जणींच्या कपाळी वैधव्य आले आहे.

त्यांच्या आरोग्यासाठी कोणतीच व्यवस्था नाही, असे म्हणता येणार नाही. किंबहुना व्यवस्था एक नसून अनेक आहेत, आणि प्रस्तुत लेखाचा विषय नेमका हाच आहे. एकाच स्त्रीच्या रक्तदाबाची काळजी एका ठिकाणी, गुडघ्याची दुसऱ्या ठिकाणी आणि गर्भाशयाची तिसऱ्या ठिकाणी घेतली जात असेल, तर त्या सेवेच्या दर्जाविषयी तिचे मत काय होते, कसे होते आणि त्या मताची दखल घेणे का अगत्याचे आहे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

माजी सैनिक स्त्रिया : एक लहान, एक मोठा वर्ग

‘माजी सैनिक’ हा शब्द उच्चारताच डोळ्यांसमोर पुरुष उभा राहतो. तथापि भारतीय सैन्यातील स्त्रियांची परंपरा जुनी आहे. १८८८ साली परिचारिकांची एक लहान तुकडी मुंबई बंदरात उतरली आणि लष्करी रुग्णालयांतील परिचर्येचा पाया घातला गेला. १९४३ च्या अध्यादेशाने लष्करी परिचर्या सेवेतील परिचारिकांना अधिकाऱ्यांचा दर्जा मिळाला. पुण्यात १९४८ साली स्थापन झालेल्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून अनेक स्त्री-डॉक्टर सैन्यात दाखल झाल्या. वैद्यकीय शाखांच्या बाहेर अधिकारी म्हणून स्त्रियांना १९९२ पासून प्रवेश मिळू लागला. सर्वोच्च न्यायालयाच्या १७ फेब्रुवारी २०२० च्या निर्णयाने त्यांच्या कायम कमिशनचा मार्ग प्रशस्त केला, तर २०२१ साली लष्करी पोलीस दलात स्त्री-जवानांची पहिली तुकडी प्रशिक्षण पूर्ण करून रुजू झाली.

म्हणजे स्वतः गणवेश धारण केलेल्या निवृत्त स्त्रियांचा वर्ग आज लहान असला, तरी तो वाढत जाणार हे निश्चित. त्याहून कितीतरी मोठा वर्ग आहे तो माजी सैनिकांच्या पत्नी, वीरपत्नी, विधवा आणि वृद्ध माता यांचा. या दोन्ही वर्गांची वैद्यकीय सेवा बव्हंशी एकाच योजनेशी बांधलेली आहे. म्हणून त्यांचा विचार एकत्र करणे सयुक्तिक ठरेल.

दारे आणि त्यांचे धनी

ही योजना म्हणजे माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना. ‘ईसीएचएस’ या आद्याक्षरांनीच ती अधिक परिचित आहे. १ एप्रिल २००३ पासून ती अमलात आली. निवृत्तिवेतनधारक माजी सैनिकाने एकदा अंशदान भरले की त्याला, त्याच्या पत्नीला व अवलंबून असलेल्या कुटुंबीयांना पॉलिक्लिनिकमधून तपासणी आणि औषधे मिळतात. पुढील उपचारांची गरज पडल्यास पॉलिक्लिनिकच्या शिफारशीने सैनिकी रुग्णालयात किंवा योजनेशी संलग्न असलेल्या खाजगी रुग्णालयात जाता येते. युद्धविधवांना अंशदान माफ आहे. मुळात निवृत्तिवेतन ही या योजनेची अट होती. त्यामुळे अल्पसेवा कमिशन पुरे करून निवृत्तिवेतनाविना बाहेर पडलेले अधिकारी, आणि त्यांत अर्थातच अनेक स्त्रिया, तिच्या कक्षेबाहेर राहिल्या होत्या. २०१९ साली केंद्र शासनाने काही अटींवर त्यांनाही या योजनेत सामावून घेतले.

हे झाले पहिले दार. दुसरे दार गावातच आहे. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानापासून घरोघर फिरणाऱ्या आशा कार्यकर्त्या हे ते दार होय. तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांची रक्तदाब व मधुमेहाची तपासणी, तसेच तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी याच पातळीवर अपेक्षित आहे. तिसरे दार तालुक्याच्या गावी. इंदापूरचे उपजिल्हा रुग्णालय, भिगवणचे ग्रामीण रुग्णालय, बारामतीचे सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आणि तेथीलच शासकीय महिला रुग्णालय यांचा त्यात समावेश होतो. चौथे दार म्हणजे बारामती येथे २०१९ साली सुरू झालेले पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. पाचवे दार पुण्याचे. तेथील कमांड रुग्णालय आणि खडकीचे सैनिकी रुग्णालय बारामतीपासून सुमारे १०० आणि इंदापूरपासून सुमारे १४० किलोमीटरवर आहे. या साऱ्यांखेरीज बारामती, इंदापूर, दौंड, अकलूज येथील खाजगी दवाखाने आहेतच. अडीअडचणीला बहुतेक जण प्रथम तेथेच धाव घेतात.

आता या दारांचे धनी पाहावेत. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे आहे. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत येतात. वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे, तर पॉलिक्लिनिक आणि सैनिकी रुग्णालये केंद्राच्या संरक्षण मंत्रालयाची. खाजगी दवाखाना ज्याचा त्याचा. प्रत्येकाची नोंदवही निराळी, केसपेपर निराळा, औषधांची यादी निराळी. एवढ्या सगळ्या धन्यांच्या दारांतून जाणारी व्यक्ती मात्र एकच असते. एका दारातील माहिती दुसऱ्या दारापर्यंत पोहोचविण्याचे काम कोणाकडेच सोपविलेले नसल्याने ते आपोआप तिच्याच अंगावर पडते.

एक उदाहरण

पुढील उदाहरण कोणा विशिष्ट स्त्रीचे नाही. विषय समजावा म्हणून ते रचले आहे. परंतु ज्यांना या घरांचा परिचय आहे, त्यांना ते अनोळखी वाटणार नाही.

इंदापूर तालुक्यातील एखाद्या गावी एका हवालदाराची चौसष्ट वर्षांची विधवा राहते असे समजू. पॉलिक्लिनिकमध्ये तिचा रक्तदाब वाढलेला आढळला व तेथून गोळी सुरू झाली. गुडघे दुखतात म्हणून ती जवळच्या खाजगी डॉक्टरांकडे गेली. त्यांनी वेदनाशामक गोळ्या दिल्या. कित्येक वेदनाशामक गोळ्यांनी रक्तदाब वाढतो आणि रक्तदाबाच्या औषधाचा परिणामही उणावतो. पण ती रक्तदाबाची गोळी घेते हे तेथे कोणी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. पुढे गावातील तपासणीत रक्तदाब चढलेला दिसला. आशाताईंनी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठविले आणि तेथून आणखी एक गोळी मिळाली. ही गोळी आणि पॉलिक्लिनिकची गोळी यांतील औषध एकच होते. केवळ वेष्टनावरील नाव निराळे होते. दुप्पट मात्रेने तिचे पाय सुजू लागले. सुजेसाठी चौथ्या ठिकाणी लघवी वाढविणारी गोळी देण्यात आली. काही दिवसांनी सकाळी उठताना तिला भोवळ येऊ लागली.

या कथेत कोणी अडाणीपणा केला? वरवर पाहता कोणीच नाही. समोर जे दिसले त्यावर प्रत्येकाने योग्य तो उपचार केला. चूक झाली ती दोन दारांच्या मधल्या ओसरीत, जी कोणाच्याच मालकीची नाही.

आता याच स्त्रीची दुसरी बाजू पाहू. पाळी जाऊन पंधरा वर्षे लोटल्यावर तिला पुन्हा रक्तस्राव होऊ लागला. ही गोष्ट ती पॉलिक्लिनिकमधील तरुण पुरुष-डॉक्टरांना सांगू शकली नाही, आशाताईंना सांगितली. पाळी कायमची थांबल्यानंतर होणारा रक्तस्राव कितीही थोडा असला, तरी त्याची तपासणी विनाविलंब व्हावी लागते, कारण गर्भाशयाच्या कर्करोगाचे ते पहिले लक्षण असू शकते आणि लवकर निदान झाल्यास उपचार चांगले लागू पडतात. आशाताईंनी तिला तालुक्याच्या रुग्णालयात नेले. सोनोग्राफी झाली, अस्तराचा नमुना घेण्यात आला, तपासणीचा अहवाल नंतर न्यावा असे सांगण्यात आले. दरम्यान कोणी तिला सांगितले की योजनेतून खर्च हवा असेल तर आधी पॉलिक्लिनिकची शिफारस लागेल. ती तिकडे गेली तेव्हा जवळ अहवाल नव्हता. अहवाल आणावयास पुन्हा दुसऱ्या गावी जावयाचे, तर ऊसतोडणीचे दिवस, मुलाला सवड नाही. अहवाल एका टेबलाच्या खणात, शिफारस दुसऱ्या टेबलावर आणि ती स्वतः घरी. या तीन ठिकाणांतील अंतर हाच तिचा खरा धोका होय.

दर्जा कोणी ठरवावयाचा?

आरोग्यसेवेच्या दर्जाची शास्त्रीय चिकित्सा करणाऱ्यांत अव्हेडिस डोनाबेडियन यांचे नाव अग्रगण्य आहे. १९६६ साली त्यांनी दर्जा तपासण्याच्या तीन बाजू सांगितल्या. पहिली रचना, म्हणजे इमारत, मनुष्यबळ, यंत्रे, औषधे. दुसरी प्रक्रिया, म्हणजे प्रत्यक्ष तपासणी व उपचार कसे झाले. तिसरी फलित, म्हणजे रुग्णाला गुण आला की नाही. आपल्याकडे तपासणी अधिकारी पाहतात ती बहुधा पहिली बाजू : खाटा किती, पदे भरलेली किती. रुग्ण मात्र दुसरी आणि तिसरी बाजू अनुभवतो आणि त्यावरून आपले मत बनवितो.

उपचारातील सातत्याचेही तीन प्रकार अभ्यासकांनी मानले आहेत. माहितीचे सातत्य, म्हणजे मागे काय झाले हे पुढच्या डॉक्टरांना कळणे. उपचाराचे सातत्य, म्हणजे एका ठिकाणचा सल्ला दुसऱ्या ठिकाणच्या सल्ल्याशी विसंगत नसणे. आणि नात्याचे सातत्य, म्हणजे आपल्याला ओळखणारे कोणी तरी तेथे असणे. सेवा विखुरली की हे तिन्ही धागे एकदमच तुटतात. मग रुग्णाला प्रत्येक वेळी आपली कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. दोन डॉक्टरांचे दोन सल्ले ऐकावे लागतात. आणि ‘तुमचा नंबर काय?’ याखेरीज कोणी ओळख विचारीत नाही.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या स्त्रीला प्रत्येक दाराशी थांबवून ‘येथली सेवा कशी वाटली?’ असे विचारले, तर ती बहुधा ‘बरी आहे’ असेच म्हणेल. डॉक्टर नीट बोलले, गोळ्या मिळाल्या, पैसे पडले नाहीत. मग घरी परतल्यावर तीच स्त्री ‘इतकी हिंडले, पण गुण नाही’ असे का म्हणते? कारण तिचे मत कोण्या एका दाराविषयी नसते. ते साऱ्या वाटेविषयी असते. प्रत्येक संस्था आपापल्या उंबरठ्यापुरते समाधान मोजते, आणि त्यामुळे प्रत्येक संस्थेचा अहवाल चांगला येऊनही एकूण सेवा असमाधानकारक राहू शकते.

हे मत केवळ भावनेचा प्रश्न नाही. ज्या सेवेवरील विश्वास उडतो, तिच्याकडे माणूस फिरकत नाही. गोळ्या मध्येच सोडल्या जातात, तपासणी लांबणीवर पडते, दुखणे अंगावर काढले जाते. म्हणून स्त्रियांचे मत हे येऊ घातलेल्या आजाराचे आगाऊ लक्षण समजावे.

स्त्रियांनाच याची झळ अधिक का?

सेवा विखुरलेली असली तर त्रास पुरुषांनाही होतो. पण स्त्रियांच्या बाबतीत काही कारणांनी तो दुणावतो.

पहिले कारण देहधर्माचे. गर्भाशय, स्तन, मूत्रमार्ग यांच्या तक्रारींसाठी निराळे तज्ज्ञ लागतात. सैनिकी आरोग्यव्यवस्था मुख्यतः पुरुष सैनिकांना समोर ठेवून उभी राहिली. त्यामुळे स्त्रीरोगासाठी बाहेर पाठवावे लागण्याचे प्रसंग अधिक, आणि प्रत्येक पाठवणीबरोबर एक नवा सांधा तयार होतो.

दुसरे कारण कागदपत्रांचे. पत्नीचा योजनेतील हक्क पतीच्या सेवेतून आलेला असतो. सेवामुक्ती पुस्तिकेत नाव ‘सखूबाई’, आधारपत्रावर ‘सखुबाई’, जन्मतारीख एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरी, अशी तफावत अनेक घरांत आढळते. पती हयात असतो तोवर ती कोणाच्या लक्षात येत नाही. त्याच्या पश्चात मात्र कार्ड नव्याने करावयाच्या वेळी तीच मोठी अडचण होऊन बसते.

तिसरे कारण प्रवासाचे. पुण्याला जावयाचे म्हणजे पहाटेची एस.टी. गाठावयाची, सोबतीला कोणी तरी हवे, त्याची मजुरी बुडावयाची. चार दारे फिरणे म्हणजे चार दिवसांचा रोजगार. म्हणून ती दोनच दारे फिरते आणि उरलेली सोडून देते.

चौथे कारण सवयीचे. फौजी माणसाच्या पत्नीने वर्षानुवर्षे एकटीने संसार ओढलेला असतो. पत्रात ‘येथील सर्व खुशाल’ असे लिहिण्याची तिला सवय जडलेली असते. डॉक्टरांनी विचारले तरी ती ‘तसे बरे आहे’ असेच सांगते. एकाच डॉक्टरांशी दीर्घ परिचय असला तर या ‘बरे आहे’मागचे दुखणे त्यांना ओळखता येते. दर वेळी नवा चेहरा समोर असेल तर ते दुखणे तसेच झाकलेले राहते.

सागरापलीकडचा अनुभव

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी केंद्र शासनाचा स्वतंत्र विभाग व त्याची स्वतःची रुग्णालये आहेत. तेथे माजी सैनिक स्त्रियांची संख्या सुमारे वीस लाख आहे. परंतु ही रुग्णालयेही पुरुषांसाठी घडलेली. बाळंतपणासारख्या सेवेसाठी स्त्रियांना बाहेरच्या रुग्णालयांत पाठविले जाते. २०१४ आणि २०१८ साली झालेल्या कायद्यांनी बाहेरच्या डॉक्टरांकडे जाण्याची मुभा वाढविली, तेव्हा जवळ आणि लवकर सेवा मिळू लागली. पण त्याबरोबर सेवा दोन ठिकाणी विभागली गेली. याचा स्त्रियांच्या मतावर काय परिणाम होतो, याचे तेथे पद्धतशीर अभ्यास झाले आहेत. त्यांचा रोख असा की, उपचार जितके विभागलेले तितके सेवेविषयीचे मत प्रतिकूल होण्याकडे कल दिसतो, आणि एकाच डॉक्टरांकडे सामान्य आजार व स्त्रीरोग या दोहोंची काळजी मिळाली तर तो अनुकूल होतो.

त्यावर तेथे योजलेले उपाय पाहण्यासारखे आहेत. २०१० साली असे धोरण ठरविण्यात आले की, स्त्रियांची प्राथमिक काळजी शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच डॉक्टरांनी घ्यावी. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात स्त्रियांच्या सेवेची जबाबदारी सांभाळणारी एक व्यक्ती नेमण्यात आली. बाळंतपणासाठी बाहेर पाठविलेल्या स्त्रीशी संपर्क ठेवण्यासाठी समन्वयक ठेवण्यात आले. म्हणजे दारे बंद केली नाहीत. दारांमधून हात धरून नेणारे माणूस दिले.

हा भेद महत्त्वाचा आहे. अनेक दारे असणे हे सर्वस्वी वाईट नाही. गावातील आशाताई, शेजारच्या गावातील स्त्री-डॉक्टर, तालुक्याचे रुग्णालय ही दारे नसती, तर आपल्या उदाहरणातील स्त्रीच्या रक्तस्रावाची गोष्ट कोणालाच कळली नसती. प्रश्न दारे कमी करण्याचा नसून ती एकमेकांना जोडण्याचा आहे.

जोडणीची साधी साधने

यासाठी मोठ्या इमारती उभाराव्या लागतील असे नाही. काही गोष्टी आजही करता येण्याजोग्या आहेत.

एक वही : प्रत्येक स्त्रीजवळ स्वतःची एक आरोग्यवही असावी. कोठेही गेले तरी तारीख, रक्तदाब, निदान आणि औषधाचे मूळ नाव तीत लिहून घ्यावे. वेष्टनावरील व्यापारी नाव निराळे असले तरी मूळ नाव एक असल्यास दुहेरी मात्रा चटकन लक्षात येते. सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधून मिळणारा ‘आभा’ क्रमांक याच हेतूने निर्माण झाला आहे. पण संगणकातील नोंद प्रत्येक दारापर्यंत पोहोचेतोवर हातातील वहीला पर्याय नाही.

एक पिशवी : डॉक्टरांकडे जाताना घरातील सर्व औषधे एका पिशवीत घालून न्यावीत. वेदनाशामक गोळ्या, दुकानातून घेतलेल्या गोळ्या, काढे, चूर्णे काहीही वगळू नये.

एक परतचिठ्ठी : रुग्णाला पुढे पाठविताना चिठ्ठी दिली जाते; मागे येताना मात्र बहुधा नुसती बिले येतात. जेथे उपचार झाले तेथून ‘काय आढळले, काय केले, पुढे काय करावे’ या तीन ओळी पाठविणाऱ्या डॉक्टरांकडे परत गेल्या पाहिजेत. घरच्या माणसांनी घरी सोडतानाचा कागद आग्रहाने मागून घ्यावा व तो पॉलिक्लिनिकमध्ये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही दाखवावा. नमुना तपासणीस दिला असेल, तर अहवाल कोणी, कोठून व कोणत्या तारखेला आणावयाचा हे त्याच दिवशी वहीत लिहून घ्यावे.

एक माणूस : सर्वांत महत्त्वाचे हेच. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे मुख्यालय पुण्यातच आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि त्याचे कल्याण संघटक माजी सैनिकांच्या व विधवांच्या अडचणी सोडविण्यासाठी आहेत. पॉलिक्लिनिकमधील परिचारिका, गावातील आशा कार्यकर्ती आणि कल्याण संघटक यांची एकमेकांशी ओळख असली आणि प्रत्येक वृद्ध विधवेसाठी यांपैकी एकीचे वा एकाचे नाव ठरलेले असले, तर अर्धा प्रश्न सुटेल. या कामी निवृत्त परिचारिका अधिकाऱ्यांच्या अनुभवाचा लाभ घेता आला, तर दुधात साखर पडेल. त्यांना सैन्याची रीत ठाऊक असते आणि स्त्रियांचे मनही कळते.

कागदपत्रांची दुरुस्ती वेळीच : पती हयात असतानाच पत्नीचे नाव व जन्मतारीख सर्व कागदांवर सारखी करून घ्यावी. सत्तर वर्षांवरील नागरिकांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेचा लाभ खुला झाला आहे. परंतु ईसीएचएसच्या लाभार्थींना दोहोंपैकी एकच योजना निवडावी लागते. शिबिरात घाईने कार्ड काढण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या औषधांचा व बाह्यरुग्ण सेवेचा विचार करूनच निवड करावी. तसेच तातडीच्या प्रसंगी जवळच्या कोणत्याही रुग्णालयात जाता येते. मात्र ते रुग्णालय योजनेशी संलग्न नसेल तर दोन दिवसांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावे लागते, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

एक प्रश्न : शेवटची गोष्ट संस्थांसाठी. माजी सैनिकांचे व वीरपत्नींचे मेळावे होतात, सत्कार होतात, नारळ व साडी दिली जाते. त्याच मेळाव्यात स्त्रियांना वेगळे बसवून चार प्रश्न विचारता येतील. गेल्या वर्षात आपण किती ठिकाणी गेलात? एका ठिकाणचे कागद दुसऱ्या ठिकाणी कोणी पाहिले काय? राहिलेला अहवाल आहे काय? सांगावयाचे राहून गेलेले दुखणे आहे काय? या चार उत्तरांतून सेवेच्या दर्जाचे जे चित्र उमटेल, ते पुष्कळशा तक्त्यांतून उमटणार नाही.

रणांगणावरील चिठ्ठी

सैन्याला ही जोडणी नवी नाही. रणांगणावर जवान जखमी झाला की प्रथमोपचार पलटणीच्या मदत-ठाण्यावर होतात. तेथून मागच्या उपचार-केंद्रात, तेथून क्षेत्रीय रुग्णालयात आणि अखेरीस दूरच्या मोठ्या रुग्णालयात त्याला नेले जाते. या साऱ्या प्रवासात डॉक्टर बदलतात, वाहने बदलतात, गाव बदलते. पण जखमी जवानाबरोबर एक चिठ्ठी शेवटपर्यंत जाते. जखम कोठे, कोणते औषध, किती वाजता दिले हे तीत लिहिलेले असते. बेशुद्ध जवानाला आपली कहाणी सांगावी लागत नाही. त्याच्या वतीने ती चिठ्ठी बोलते.

ज्या व्यवस्थेने गोळीबाराच्या धुमश्चक्रीत ही चिठ्ठी हरवू दिली नाही, तिला शांततेच्या काळात, चांगल्या रस्त्यांनी जोडलेल्या बारामती-इंदापूरसारख्या प्रगत भागात ती सांभाळणे अवघड जाऊ नये. त्या जवानाच्या पत्नीने अनेक वर्षे घराची आघाडी एकटीने सांभाळली. उतारवयात तिने आपले दुखणे पदरात बांधून दारोदार सांगत फिरावे, हे उचित नव्हे. एका दाराने दुसऱ्या दाराला तिची हकीकत कळविली, एवढे जरी झाले, तरी ‘सेवा चांगली आहे’ हे तिच्या तोंडून आपणास ऐकावयास मिळेल. आणि ते तिने मनापासून म्हटलेले असेल.